बडोद्याचा समुद्र
(लघुपटाचं निवेदन)

[कंबोई. ओहोटी. नजर पोचेल तिथपर्यंत चिखल.]

हा बडोद्याचा समुद्र. पटत नाही ना? शहरापासून इथवर, खंभातच्या आखाताकाठच्या कंबोईपर्यंत, साधारण 75 किलोमीटर. माड नाहीत, पांढरी वाळू नाही, सहलीच्या जाहिरातीत शोभेल असं काहीच नाही. पाय रुतवणारा राखाडी चिखल आणि त्यात खेकड्यांची बिळं. पण किनाऱ्याच्या कायद्यात असा जिवंत चिखलपट्टा सगळ्यात कडक वर्गात मोडतो, तिवरांच्या आणि प्रवाळांच्या पंक्तीला. कायद्याकडे पुढे येऊच.

[तीच जागा. भरती चढताना. वेग वाढवलेला.]

आता बघा.

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद. अरबी समुद्राची भरती आत शिरते, बाजूला पसरायला जागा उरत नाही, मग पाणी वर चढत जातं. भावनगरच्या बाजूला मोठ्या भरतीला पातळीत 10 मीटरहून जास्त फरक पडतो. देशात एवढी चढउतार दुसरीकडे नाही. इथल्या स्तंभेश्वराचं शिवलिंग दिवसातून दोनदा पूर्ण बुडतं, दोनदा उघडं पडतं. मंदिर किती वाजता उघडतं, असं इथे कोणी विचारत नाही. भरती कधी आहे, ते विचारतात.

कोकणातून बडोद्याला आलेल्या जुन्या घरांत भरतीचा एक तोंडी हिशोब अजून टिकून आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. मुंबईकडे तो बऱ्यापैकी जमतो. इथे नाही जमत, कारण आखातात इतकं आत यायला भरतीला आणखी काही तास लागतात. आमच्याबरोबरच्या आजोबांनी तरीही तो मांडून पाहिला.

[आजोबा बोटं मोजतात, घड्याळ बघतात, हसतात. निवेदन थांबवा, मूळ आवाज राहू द्या.]

[पोती, हातमोजे, वाकलेल्या पाठी.]

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग. तिथल्या मराठी घरांतली ही मंडळी. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी विमा एजंट, बाकी कॉलेजची मुलं. श्रावणातली गर्दी ओसरली की ती किनारा साफ करायला येतात. पाण्याच्या बाटल्या, अगरबत्तीची पाकिटं, बेलासकट गाठ मारून टाकलेल्या पिशव्या. पोत्यांचे फोटो छान येतात, आम्हीही भरपूर काढले. पण या लघुपटाचा विषय पोती नाहीत. पोतं बांधता बांधता एक काकू जे म्हणाल्या, तो आहे.

"अहो, बाटली दिसते म्हणून उचलतो. जे दिसतच नाही ते कुठनं येतं, बघायला नको का?"

ते बघायचं तर परत बडोद्यालाच जावं लागतं.

[महीचं पात्र. नदीतल्या गोल फ्रेंच विहिरी. ड्रोन.]

फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा. महीच्या पात्रातल्या या फ्रेंच विहिरी. नदीच्या वाळूतून गाळलेलं पाणी त्या ओढतात आणि शहराला पाठवतात. थोडं पाणी आजव्याहून येतं, तो सयाजीरावांच्या काळातला तलाव. पण आजचं बडोदं मोठ्या प्रमाणावर महीवर जगतं. सकाळी नळ सोडला की येते ती मही.

[कोयलीची धुराडी, लांबून. जुने कृष्णधवल फोटो.]

1965 साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. त्याच दशकात खताचा कारखाना आला, मागोमाग पेट्रोकेमिकल्स, मग नंदेसरीची औद्योगिक वसाहत. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांत या कारखान्यांचा पगार आला आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या पट्ट्यातून मिनी नावाची छोटी नदी वाहते आणि महीला मिळते. कारखान्यांचं पाणी मिनीत, मिनी महीत, आणि महीतून पिण्याचं पाणी. हे चालणार नव्हतं.

[झाकलेला कालवा, दोन्ही बाजूंना शेतं. कॅमेरा गाडीवरून, लांबलचक.]

म्हणून हा बांधला. 1983 पासून चालू आहे. लांबी सुमारे 56 किलोमीटर. बडोद्याच्या बाजूनं निघतो, पादरा तालुका ओलांडतो आणि जंबुसर तालुक्यात सारोदपाशी महीच्या मुखाला संपतो. पंप नाहीत, उतारानं पाणी जातं. बराचसा झाकलेला असल्यामुळे गावकऱ्यांना तो पायवाटेसारखा झाला आहे. लोक त्याला इसीपी म्हणतात, म्हणजे एफ्लुएंट चॅनल प्रोजेक्ट, सांडपाण्याचा कालवा. कारखान्यांनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुद्ध केलेलं पाणीच यात सोडायचं, असा नियम.

त्या वेळी ही युक्ती हुशारीची होती, यात शंका नाही. शहराचं पिण्याचं पाणी वाचलं. घाण मात्र संपली नाही. नदीच्या वरच्या अंगाला नको होती, ती खालच्या अंगाला पोचवली. आम्ही वर मही पितो आणि तिच्या तोंडाशी आमचं उरलेलं ओततो.

[सारोद. कालव्याचं तोंड. रंग बदलू नयेत, आहे तसं दाखवावं.]

इथल्या मच्छीमारांच्या आणि काठावरच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. भरती पाणी आत ढकलते, ओहोटी बाहेर नेते, पुन्हा भरती.

[मांडव, खुर्च्या, मंचावर अधिकारी, ध्वनिक्षेपक.]

आता कायदा. कंटाळा करू नका, खरी लढाई इथेच होते.

किनाऱ्यासाठीची पहिली अधिसूचना 1991 ची. मग 2011 ची, मग 2019 ची. खुल्या समुद्राकाठी भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे 500 मीटर पट्टा नियमाखाली येतो. पण समुद्र नदीतून आत घुसतो, तिथे काय? त्याचं उत्तर आम्हाला फार आवडलं. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या हंगामात पाण्यात हजारात पाच भाग खारटपणा जिथवर सापडेल, तिथवर हा कायदा नदीकाठानं आत येतो. सरकारच सांगतं की समुद्र नदीतून वर चढतो. बडोदेकरांनी तेवढं मानायला काय हरकत आहे?

दुसरं हत्यार 2006 चं. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी. तिची सूचना किमान 30 दिवस आधी, एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. सगळ्याचं चित्रीकरण. आणि शेवटी कार्यवृत्त तिथल्या तिथे, स्थानिक भाषेत, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं.

हा शेवटचा नियम मोलाचा. तुम्ही विचारलं एक आणि कागदावर आलं दुसरं, तर तिथेच उठून उभं राहता येतं. काकू राहिल्या. घरात अस्सल मराठी, माइकसमोर त्याहून अस्सल गुजराती.

[काकू माइकपाशी. 40 सेकंद. निवेदन नाही.]

याच शहरातल्या पर्यावरण सुरक्षा समितीनं 2012 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 22 फेब्रुवारी 2017 ला निकाल लागला, आणि तो एकट्या गुजरातपुरता नव्हता, सगळ्या देशाला लागू होता. कारखान्याची स्वतःची शुद्धीकरण यंत्रणा चालू स्थितीत नसेल तर तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर तो चालवता येणार नाही. सामायिक शुद्धीकरण केंद्रं तीन वर्षांत उभारायची. देखरेख राष्ट्रीय हरित लवादाची, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची. हे घडवणारी माणसं किनाऱ्यावर राहणारी नव्हती, बडोद्यात नळाचं पाणी पिणारी होती.

[विश्वामित्री. काठावर ऊन खाणारी मगर. पुलावरून बघणारी माणसं.]

मगर दाखवल्याशिवाय बडोद्याची फिल्म पूर्ण होत नाही, म्हणून ही. पण तिचंही काम आहे. विश्वामित्री पावागडावरून येते, शहराच्या मधून जाते, ढाढरला मिळते, आणि ढाढर खंभातच्या आखाताला. कालव्यातून जात नाही ते या वाटेनं जातं. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनेविरुद्ध नागरिक हरित लवादाकडे गेले होते. 2021 साली लवादानं नदी राखण्याचा आराखडा करायला सांगितलं. ऑगस्ट 2024 मध्ये पूर आला, तेव्हा मगरी रस्त्यावर होत्या.

[गणपती. नवलखीचा कृत्रिम तलाव. ढोल, गुलाल.]

गणपती हा बडोद्यातल्या मराठी माणसाचा हळवा विषय, तेव्हा जपून बोलतो. प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही, शाडू विरघळतो. 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्ती बंद करायला सांगितलं आहे. या मंडळींच्या घरी शाडू आहे. काही शेजाऱ्यांकडे नाही, आणि आरतीनंतर त्यावर वाद होतो. तो आम्ही चित्रित केला, पण शेजाऱ्यांनी दाखवू नका सांगितलं.

[वर्तमानपत्र. छोट्या जाहिरातींचं पान.]

सुनावणीची सूचना अशी येते. निविदांच्या आणि "नाव बदलले आहे"च्या मध्ये, बारीक अक्षरात. सोसायटीतल्या तीन मुलांना काकूंनी हे पान वाचायचं काम लावलं आहे. बदल्यात रविवारी सेव-उसळ.

सुनावणीला जाता आलं नाही तरी लेखी हरकत पाठवता येते. प्रकल्प कोणता, पाणी किती, ते कुठे सोडणार, आणि तिथून ते कुठे जाणार, हे चार प्रश्न विचारायचे. प्रत स्वतःकडे ठेवायची, पोच घ्यायची.

[पडद्यावर हरकतीचा नमुना. आधी गुजराती, मग मराठी. वाचता येईल इतका वेळ थांबवावा.]