पाचव्या मात्रेवर बंद पडणारा कॉम्प्युटर

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरात एखादा जुना डेस्कटॉप आहे का? टेबलाखाली ढकललेला, नाहीतर माळ्यावर चादर पांघरून बसलेला? चालूच होत नाही म्हणून, किंवा चालतो पण रडतखडत चालतो म्हणून बाजूला ठेवलेला? आज त्याच्याविषयी बोलायचंय.

मध्यंतरी असे कॉम्प्युटर फार मोठ्या संख्येने घराबाहेर निघाले. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, म्हणजे त्याची नेहमीची सुरक्षा-अपडेट थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मग धडधाकट मशीन केवळ त्या यादीत बसत नाही म्हणून भंगारात जातं. मला हे बघवत नाही.

आधी एक शब्द सरळ करून घेऊ. टेबलाखालच्या त्या डब्याला आपण सगळे सर्रास 'सीपीयू' म्हणतो. तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली बसलेली छोटी चौकोनी चिप. हा शब्द मी भेटेल त्याला समजावत असते, आणि त्याला कारण आहे. 'सीपीयू गेला' असं एकदा तोंडातून निघालं की माणूस अख्खा डबा टाकायला मोकळा होतो. खरं तर प्रोसेसर हा त्या डब्यातला फार क्वचित बिघडणारा भाग. बिघडतात ते पंखे, कपॅसिटर, हार्ड डिस्क, सैल झालेली रॅम (म्हणजे चालू कामापुरती आठवण ठेवणारी पट्टी), संपलेला सेल. आणि बटणं. बटणाचं लक्षात ठेवा, तिथे परत यायचंय.

उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढायची. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, पिन बाहेर हवी. मग कॅबिनेटचं पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अंगावरची स्थिर वीज उतरते. आणि एसएमपीएस, म्हणजे जिथे मागून वायर लागते तो पत्र्याचा चौकोनी डबा, तो घरी उघडायचा नाही. जुना काचेचा जड मॉनिटर असेल तर तोही उघडायचा नाही. पुन्हा सांगते, एसएमपीएस आणि काचेचा मॉनिटर, दोन्ही घरी उघडायचे नाहीत. वायर काढल्यावरही त्यांच्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते.

बाकीचं बरंचसं तुमच्या हातातलं आहे. पंखे फिरतात, स्क्रीन काळाच, बीप-बीप ऐकू येतं, तर आधी रॅमकडे बघा. पट्टी काढा, सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक्' करून बसेपर्यंत पट्टी दाबून बसवा. दर वेळी तारीख मागे जात असेल आणि त्यामुळे वेबसाइट 'हे सुरक्षित नाही' म्हणून अडवत असतील, तर मदरबोर्डवरचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मोठ्या पाटीवरचा, गोल सेल संपलाय. सीआर २०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा हा सेल बदलला, तारीख-वेळ नीट लावली की काम झालं. केवळ या एका सेलपायी 'व्हायरस आलाय' म्हणून टाकून दिलेले कॉम्प्युटर मी पाहिलेत. मदरबोर्डवरच्या नळकांड्यांचे, म्हणजे कपॅसिटरचे, माथे सपाट हवेत. फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर बिघाड तिथे आहे असं समजा. २००० सालानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांमध्ये हे फार व्हायचं.

आणि या सगळ्यावर एक नियम. एका वेळी एकच बदल. रॅम पुसली, चालू करून बघा. सेल बदलला, चालू करून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चालू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही. एका वेळी एकच.

आता मी तुम्हाला माझ्या आत्याच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगते.

आत्या गाणं शिकवते. चाळीसेक वर्षं शिकवते आहे. तिचा कॉम्प्युटर जुना, दोन कोअरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम. एके दिवशी त्याने नवीनच खोड काढली. बटण दाबलं की चालू व्हायचा, पंखा घरघरायचा, दिवा लागायचा, आणि लगेच बंद. थोडा वेळ थांबून पुन्हा दाबलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. कधीमधी मात्र काहीच न होता दिवसभर छान चालायचा.

दुरुस्तीला नेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी उघडला, चालू केला, तर चालला! तासभर चालला. घरी आणला, बटण दाबलं, बंद. पुन्हा नेला. त्यांनी एसएमपीएस बदलला. तिथे चालला, घरी बंद. मग प्रोसेसर तापत असेल म्हणून वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात तो लेप, खरवडून नवी लावली. तिथे चालला, घरी बंद. रॅम बदलली, तेच. शेवटी ते म्हणाले, मदरबोर्डचं आयुष्य संपलंय, आता यात पैसे घालू नका. त्यांनी मनापासून प्रयत्न केले होते, आणि तसं वाटणं अगदी साहजिक होतं. चालू होतो, बंद पडतो, जरा थांबलं की पुन्हा चालू होतो, हे लक्षण तापण्याचंच वाटतं.

आत्याचा फोन आला. "अगं, याच्यात माझ्या बंदिशी आहेत गं. काहीतरी कर."

मी सकाळी गेले. थंडीचे दिवस होते. बटण दाबलं, बंद. मी टॉर्च घेतला, स्क्रूड्रायव्हर घेतला, कॅबिनेटला हात घालणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब जरा. मला एकदा परत लावून दाखव." मी लावला. ती मांडीवर बोटाने मोजत होती. बंद पडला. "परत लाव." लावला. बंद पडला. असं सहा-सात वेळा झालं. मला वाटलं, ही उगाच हळवी होतेय. तेवढ्यात ती म्हणाली, "हा दर वेळी पाचव्या मात्रेवर पडतो."

"म्हणजे?"

"सेकंदाला एक मात्रा धर. तू बटण दाबतेस ती पहिली. दोन, तीन, चार, आणि पाचवीवर बंद. चौथीवर नाही, सहावीवर नाही. आणि हे बघ, आजारी माणूस धाप लागून थांबतो ना, तो कधी इथे थांबतो, कधी तिथे. हा कुठे थांबायचं ते ठरवून थांबतोय."

श्रोतेहो, मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिचं अक्षरशः खरं होतं. तापून बंद पडणारा कॉम्प्युटर पहिल्यांदा जास्त वेळ चालतो, मग आधीच गरम असल्यामुळे दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. हा दर वेळी तेवढाच चालत होता. पहिली मात्रा बटण दाबल्याच्या क्षणी, पाचवी बरोबर चार सेकंदांनी. मी घड्याळ लावून पाहिलं. चार सेकंद.

चार सेकंद म्हणजे काय हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत आहे. कॉम्प्युटर अडकला की आपण काय करतो? पॉवरचं बटण दाबून धरतो, आणि चार सेकंदांनी तो बंद होतो. तशी मुद्दाम सोयच केलेली असते. मग कोणी बटण दाबून धरलं होतं? कोणीच नाही. पण बटण बाहेर येत होतं का?

मी बोट लावून पाहिलं. बटण आत रुतून बसलं होतं. वर्षानुवर्षांची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा, त्याचा चिकट राप आत जमला होता. दाबलं की बटण आत जायचं आणि हळूहळू, अर्ध्या मिनिटाने बाहेर यायचं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने आपण बटण दाबून धरलेलंच होतं, आणि तो निमूटपणे सांगितलेलं काम करत होता. अर्ध्या मिनिटाने बटण सुटलं की पुन्हा दाबता यायचं, म्हणून 'थंड झाल्यावर चालतो' असं वाटायचं.

मी विचारलं, "आत्या, जेव्हा नीट चालायचा ते कधी?" ती म्हणाली, "दुपारी." मग तर शंकाच राहिली नाही. दोष तापण्याचा असता तर दुपारी वाढला असता. इथे दुपारच्या उबेने राप सैल पडायचा आणि बटण चटकन बाहेर यायचं.

आणि दुरुस्तीच्या टेबलावर का चालायचा? कारण तिथे उघडलेल्या मशीनला कोणी पुढचं बटण दाबत नाही. मदरबोर्डवर पॉवरच्या दोन बारीक पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून चालू करायची पद्धत आहे. म्हणजे जो एकमेव भाग बिघडला होता, त्याला तिथे कोणी हातच लावला नव्हता.

मीही तेच केलं. पुढच्या बटणाची वायर काढली, आकृतीत पिना नीट बघून टोक टेकवलं. आत्या मोजायला लागली. चार. पाच. सहा. सोळा झाल्या तेव्हा ती हसायला लागली.

नवं बटण मिळेपर्यंत काय? कॅबिनेटवर दुसरं छोटं बटण असतं, रिसेटचं. त्याची वायर रिसेटच्या पिनांवरून काढली आणि पॉवरच्या पिनांवर लावली. दोन्ही बटणं आतून सारखीच, दाबलं की दोन तारा जोडणारी. यात उलटसुलटही काही नसतं. रिसेटची सोय गेली, पण तिची गरज कितीशी पडते? नवं बटण शोधायचं राहूनच गेलं. आत्या आजही त्या छोट्या बटणाने कॉम्प्युटर चालू करते.

आता जुन्या मशीनचं करायचं काय? आत्याच्याच कॉम्प्युटरचं काय झालं ते सांगते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे आत फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, घातली. जुन्या मशीनमध्ये एकच खर्च करायचा असेल तर हाच करा, बाकी कशानेही इतका फरक पडत नाही. आधी बंदिशींची नक्कल दोन ठिकाणी करून घेतली. मग त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घातली, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. मोफत आहे. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, आपल्या मशीनला मानवतं का ते कळतं.

आणि त्या कॉम्प्युटरला नवं काम मिळालं. आत्याकडे पेट्या भरून कॅसेट होत्या. डेस्कटॉपच्या मागे तीन रंगांची भोकं असतात ना? हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, आणि निळं. त्या निळ्याकडे कोणी बघत नाही. ते लाइन-इन. टेपरेकॉर्डरमधून निघणारा आवाज थेट घ्यायला ते केलेलं असतं. गुलाबी भोकात टेप लावला तर आवाज फाटतो, कारण माइकचा आवाज क्षीण असतो म्हणून तिथे तो खूप वाढवून घेतात. निळ्यात लावा. लक्षात राहू द्या, कॅसेटसाठी निळं. आजच्या बहुतेक लॅपटॉपना ते भोकच नसतं, म्हणून या कामाला जुना डेस्कटॉप जास्त बरा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम रेकॉर्डिंग करतो. सीडीच्या दर्जाचा आवाज तासाला साधारण ६३५ एमबी जागा घेतो. तासाभराच्या शंभर कॅसेट ६४ जीबीच्या आसपास बसतात.

तुमच्याकडे कॅसेट नसतील. मग तो घरच्या सगळ्यांचे फोटो ठेवायचं कपाट होऊ शकतो, जुन्या प्रिंटरचा सोबती होऊ शकतो, मुलांना टायपिंग शिकायला देता येतो. फक्त रात्रंदिवस चालू ठेवायचा असेल तर विजेचा हिशेब करा. सत्तर वॅट खाणारं मशीन महिनाभर अखंड चालवलं तर सुमारे ५० युनिट होतात. लागेल तेव्हाच चालू करा. आणि कोणाला देऊन टाकणार असाल तर आधी डिस्क पुसण्याच्या प्रोग्रॅमने पूर्ण पुसून घ्या. फाइल नुसती डिलीट केल्याने मजकूर डिस्कवरून जात नाही.

शेवटी माझा एक हट्ट. कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. काय बदललं, कधी बदललं, हाताने लिहा. कॉम्प्युटर आणि त्याचा इतिहास वेगळे झाले की पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. आत्याच्या कॅबिनेटमध्ये असा कागद आहे. तिच्या अक्षरात त्यावर पहिली ओळ आहे: "पॉवरचं बटण चिकटतं. मदरबोर्ड चांगला आहे. छोट्या बटणाने चालू करावा."

नमस्कार.