टण् टण् टण् : हॅम्बल नदीवरची एक रात्र

[पडदा काळा. आधी फक्त आवाज.]

टण्. टण् टण्. जरा उसंत. आणि पुन्हा टण्.

डोळे मिटून ऐकलंत तर वाटेल, लांब कुठेतरी शाळा सुटलीये आणि शिपाईमामा घंटा बडवायचं काही थांबवत नाहीयेत. आमच्या वहिनींना पहिल्यांदा हा आवाज ऐकून गुरं घरी परतताना वाजणाऱ्या घंटा आठवल्या होत्या. "दहा मिनिटं फार गोड वाटलं," त्या सांगतात. "मग रात्रीचे दोन वाजले."

[दृश्य उजळतं. पहाट. नदीच्या दोन्ही काठांना डोलकाठ्यांचं रान.]

इंग्लंडचा दक्षिण किनारा. ही हॅम्बल नदी. नदी कसली, भरती-ओहोटीची खाडीच म्हणा. साउदॅम्प्टन वॉटर नावाच्या मोठ्या खाडीला ती मिळते आणि पुढे समोर 'वाइट' नावाचं बेट. या एवढ्याशा पाण्यात हजारो शिडाच्या बोटी बांधलेल्या असतात, आणि वारा सुटला की हे टण् टण् त्यांच्यातूनच येतं. अलीकडे हॅम्बल गाव, पलीकडे वॉरसॅश, आणि दोघांमध्ये ये-जा करणारी एक छोटीशी गुलाबी होडी. गुलाबी म्हणजे अगदी बर्फाच्या गोळ्यासारखी गुलाबी.

माझा मित्र मूळचा रत्नागिरीचा, आता नोकरीसाठी रेडिंगला. 2010 च्या मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, ती बातमी वाचल्यापासून याच्या डोक्यात शीड शिरलं. आज तिघांच्या भागीदारीत एक जुनी, 28 फुटी बोट आहे. शनिवार-रविवार तो आणि वहिनी तिच्यावरच झोपायला असतात.

[पाँटूनवरून चालणारा कॅमेरा.]

मरीना म्हणजे काय, हे मराठी माणसाला चटकन समजावून सांगायचं तर चाळ डोळ्यांसमोर आणा. हा तरंगता धक्का, ज्याला इथे पाँटून म्हणतात, ही चाळीची सामाईक गॅलरी. दोन्ही बाजूंना खोल्या, म्हणजे बोटी. कुणाकडे आज काय शिजतंय हे सगळ्यांना कळतं. न्हाणीघर आणि संडास टोकाला, सगळ्यांत मिळून. टॉवेल खांद्यावर टाकून सकाळी रांगेत उभं राहायचं. फरक एवढाच, की चाळीतली बिऱ्हाडं घरातच असतात. इथली बहुतेक बिऱ्हाडं सोमवार ते शुक्रवार रिकामी.

आणि खरी मेख तिथेच आहे. ज्याची बोट वाजते तो आवाज ऐकायला तिथे नसतोच. तो पन्नास मैलांवर, स्वतःच्या घरी, गाढ झोपलेला असतो.

[जवळून: डोलकाठी, तिला लागून वर गेलेली दोरी.]

आता वाजतं काय ते बघू.

ही दोरी शीड वर चढवायची. हॅलियर्ड. ती खालून डोलकाठीच्या टोकापर्यंत जाते, तिथल्या चाकावरून वळते आणि परत खाली येते. या बोटीची डोलकाठी साधारण 11 मीटर उंच. म्हणजे दोरीचा प्रत्येक पदर 11 मीटर लांब, दोन्ही टोकांना बांधलेला, आणि अॅल्युमिनियमच्या पोकळ नळीपासून दोन बोटांवर. वारा आला की दोरी झुलते, मागे जाते, पुढे येते आणि नळीवर आपटते. दोरी मऊ असली तरी नळी पोकळ आहे. तंबोऱ्याचा भोपळा जे काम करतो तेच ती करते. शिवाय नळीचा पाय बोटीत रोवलेला, त्यामुळे ठोका वर पडला तरी आत झोपलेल्याच्या उशाशी वाजतो.

पूर्वी डोलकाठ्या लाकडी असत. याच नदीत, बर्सल्डनजवळच्या चिखलात, राजा पाचव्या हेन्रीचं 'ग्रेस द्यू' हे प्रचंड जहाज गाडलेलं आहे. 1418 मध्ये बांधलेलं, 1439 मध्ये वीज पडून जळालेलं. त्याच्या डोलकाठीवरही दोर आपटत असतील, पण लाकडावर वाखाचा दोर. फार तर धप् धप्. हा घंटानाद अॅल्युमिनियमने आणला.

मग प्रत्येक नवखा करतो तो उपाय माझ्या मित्रानेही केला. दोरी विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या फिरकीवर, घेतली आणि ताण ताण ताणली. आवाज बंद झाला? नाही. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार गप्प बसते का? सूर चढतो, एवढंच. ताणलेली दोरी कमी झुलते हे खरं, पण जोराचा वारा सुटला की बारीक थरथरू लागते, आणि मग टण् टण् ऐवजी टरररर. हे जास्त वाईट. वर नवी दोरी काही तासांत थोडी वाढते, सैल पडते आणि पहाटे चारला पहिला सूर पुन्हा लागतो.

तारांचं गुणगुणणं ही आणखी वेगळी गोष्ट. बोटीला बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा कशावरही न आपटता गातात. वारा तारेला वळसा घालून जाताना मागे भोवरे सुटतात, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. व्हिन्सेंझ स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञाने 1878 मध्ये याचं गणित मांडलं. ताशी 36 किलोमीटर वारा आणि 10 मिलिमीटर जाडीची तार धरली, तर सेकंदाला भोवऱ्यांच्या सुमारे 200 जोड्या. वादळात सगळी मरीना हुंकारते ती यामुळे. त्यावर इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने झोपही मोडत नाही. झोप मोडतो तो ठोका. कारण त्याला ताल नसतो. पुढचा कधी पडेल याची वाट बघत माणूस जागा राहतो.

[मित्राचे हात. रबरी दोरीचा तुकडा. आकडा लावताना.]

उपाय हा. दोरी ताणायची नाही, लांब न्यायची. शिडाच्या माथ्यावरून शॅकल, म्हणजे दोरीच्या टोकाची धातूची कडी, सोडवायचं आणि ते पुढे, बोटीच्या नाकाशी असलेल्या कठड्याला अडकवायचं. आता दोरी डोलकाठीला समांतर नाही, तिरकी आहे. आपटायला समोर काही उरलंच नाही. जी दोरी हलवता येत नाही, तिला खांद्याएवढ्या उंचीवर रबरी दोरीचा फास टाकून बाजूच्या तारेकडे ओढून घ्यायचं. दीड हाताची रबरी दोरी, दोन आकडे. याहून स्वस्त काही या छंदात मिळत नाही.

आणि मग झेंड्याची दोरी. सुतळीएवढी असते, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती सगळ्यांत जास्त वाजते.

[रात्र. टॉर्चचा प्रकाश. वारा.]

नोव्हेंबरातली रात्र. नैर्ऋत्येचा वारा. आम्ही ध्वनिमुद्रणासाठीच आलो होतो, पण एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

पाण्यावर आवाज फसवतो. डावीकडून आलासा वाटतो, निघतो उजवीकडून. मित्र पाँटूनवरून एकेका बोटीच्या तारेला तळवा लावत गेला. ज्या बोटीतून ठोका येतो तिची तार हाताला सांगते. सहावी बोट. निळी, चाळीस फुटी, गेले तीन आठवडे मालकाचा पत्ता नाही. हॅलियर्ड सैल, मनसोक्त बडवतेय.

बोटीचा कठडा आमच्यापासून हातभर होता.

"चढ की," मी म्हणालो.

"नाही चढत."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"अरे, दुसऱ्याच्या घरात रात्री दोन वाजता शिरशील का? पंखा कुरकुरतोय म्हणून?"

[दिवस. वेगवेगळ्या बोटींवरचे शेजारी.]

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅलरीभर विचारत फिरलो, आणि लक्षात आलं की या एका प्रश्नावर अख्ख्या पाँटूनमध्ये दोन तट आहेत.

टोकाच्या बोटीवरचे आजोबा निवृत्त इंजिनियर. त्यांच्या कोटाच्या खिशात रबरी दोरीचे तुकडे असतातच. वाजणारी बोट दिसली की चढायचं, बांधायचं, उतरायचं. कुणाला विचारायचं नाही. "माझी वाजली तर तुम्हीही चढा," हे त्यांचं म्हणणं.

त्यांच्या समोरच्या बाई, तीस वर्षं एकट्या शीड हाकणाऱ्या, हे ऐकून मान हलवतात. त्यांच्या बोटीवर कुणीतरी असाच परोपकार करून गेलं. रबरी दोरी राखाडी, तार राखाडी, ढग राखाडी. यांना दिसली नाही. नदीतून बाहेर पडून शीड चढवायला घेतलं, ते अर्ध्यावर अडकलं. वर जाईना, खाली येईना, आणि मागून फेरीबोट. आता त्या सांगतात, बांधायचं तर बांधा, पण चिठ्ठी ठेवा. आणि बांधलेल्या जागी काहीतरी भडक लावा. लाल फडकं, काहीही.

मला बाईंचं पटलं. आजोबांचं मन मोठं आहे यात शंका नाही, पण मालकाला न कळता केलेली मदत समुद्रावर महागात पडू शकते.

मधला रस्ता म्हणजे मरीनाचं ऑफिस. बहुतेक मरीनांच्या नियमांत दोऱ्या आवाज करणार नाहीत अशा बांधाव्यात, असं कलम असतं, आणि ते वाजवीही आहे. त्यामुळे निळ्या बोटीसाठी आम्ही सकाळी ऑफिसात सांगितलं. तिथला पोरगा आला, चढला, बांधून गेला. मालकाला फोनही झाला म्हणे. मालक म्हणाला, "माझी बोट? माझी तर कधी वाजत नाही."

[बोटीच्या आत. डोलकाठीचं पाऊल. वहिनी कान लावून बसलेल्या.]

त्या रात्री सगळं बांधून झालं. निळी बोट गप्प. आणि तरीही टण्... बारीक, पण आहेच. या वेळी वहिनी उठल्या. त्यांनी कान डोलकाठीला लावला आणि हसायला लागल्या. आवाज आमच्याच नळीच्या पोटातून येत होता.

डोलकाठीच्या आतून वरच्या दिव्याच्या वायरी गेलेल्या असतात. बोट हलली की त्या आतल्या आत आपटतात. बाहेरून कितीही दोऱ्या बांधा, उपयोग शून्य. त्याला डोलकाठी उतरवल्यावरच इलाज. वायरींच्या जुडग्याला दर हातभर अंतरावर प्लास्टिकच्या केबल टायचे तीन फास घालायचे, शेपट्या न कापता तिन्ही दिशांना ताठ ठेवायच्या. साळिंदरासारखं दिसतं ते. मग ते साळिंदर नळीत ओढून घ्यायचं. काटे वायरीला मधोमध धरून ठेवतात. पुढच्या हिवाळ्यात बोट जमिनीवर घेतील तेव्हा हे काम आहे. तोवर कानात बोळे.

[उन्हाळ्यातलं जुनं चित्रण. पाच बोटी एकमेकींना चिकटून बांधलेल्या.]

उन्हाळ्यात वाइट बेटावरच्या बंदरांत जागा पुरत नाही, तेव्हा एका बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी माळ लागते. तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवरून जाण्यावाचून गत्यंतर नसतं. पण रीत ठरलेली आहे. विचारून जायचं, आणि पुढून जायचं, डोलकाठीच्या पुढून. मागे कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत, लोक जेवत असतात, ते त्यांचं माजघर. मऊ तळव्याचे बूट. आणि पहाटे पाचला निघणार असाल तर ते रात्रीच सांगायचं, पहाटे पाचला नाही.

बोटी लावतानाही शेजारणींच्या डोलकाठ्या एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. लाट आली की दोघी डोलतात आणि वर आडव्या काठ्या एकमेकींत अडकतात. तो आवाज मात्र एकदाच येतो.

[रविवार संध्याकाळ. बॅगा. मित्र एकेक दोरी तपासतोय.]

निघायची वेळ. मुख्य हॅलियर्ड कठड्याला. दुसरी तारेकडे. शिडाचं आवरण घट्ट. धक्क्याला बांधलेले दोर करकरत होते, त्यांवर वहिनींनी भांडी घासायच्या साबणाचं पाणी ओतलं. करकर थांबली. निळ्या बोटीपाशी मित्र क्षणभर थांबला, ऑफिसातल्या पोराने बांधलेली गाठ नजरेने तपासली आणि पुढे निघाला.

[गाडीच्या आतून. पाऊस. वायपर.]

मोटरवेच्या तोंडाशी लाल सिग्नल. रेडिओवर हवामानाचा अंदाज: रात्री वारा वाढणार.

"झेंड्याची दोरी?" मित्राने विचारलं.

"तू बांधलीस ना?" वहिनी.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मित्राने गोल चौकाला पूर्ण वळसा घातला आणि गाडी पुन्हा नदीकडे वळवली.