मायस्थेनिया आणि दारू: गटारीच्या आधी थोडं बोलूया

नमस्कार मंडळी. आषाढ संपत आलाय, गटारीचे प्लॅन ठरायला लागलेत आणि दरवर्षीप्रमाणे मला तोच प्रश्न येतोय. ‘मायस्थेनिया आहे, पण एखादा पेग चालतो का?’ विचारणारा हळू आवाजात विचारतो, कारण शेजारी आई बसलेली असते, नाहीतर बायको.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. अमिताभ बच्चन यांना ऐंशीच्या दशकात झाला होता तोच आजार, म्हणून नाव तरी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. नसेच्या (मज्जातंतूच्या) टोकातून असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन लागतं आणि स्नायू हलतो. आपल्या मायस्थेनियावाल्यांत काय होतं, तर आपल्याच अँटिबॉडीज हे रिसेप्टर अडवतात, मोडतात. म्हणून सकाळी माणूस ठीक असतो आणि संध्याकाळपर्यंत पापण्या मिटायला लागतात.

आता दारू. लोकांना वाटतं की गोळी आणि दारू पोटात एकत्र आल्या की काहीतरी स्फोट होतो. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. जरा आठवा, दारू चढली की काय होतं? डोळे जड, एकाचे दोन दिसतात, जीभ अडखळते, पाय लटपटतात. आणि आपला आजार बळावला की काय होतं? हेच सगळं! म्हणजे तिसऱ्या पेगनंतर तुमचं बोलणं नाकातून यायला लागलं, तर ते दारूमुळे की मायस्थेनियामुळे, हे तुम्हाला कळणार नाही. मित्रांना तर नाहीच नाही. ते म्हणणार, ‘याला लागली रे, झोपवा.’

उलटंही होतं बरं का. भर दुपारी, थेंबही न घेता, मी एका दुकानात गेलो होतो. जीभ जड झालेली, एक पापणी खाली. काउंटरवरचा माणूस शेजारच्याला म्हणाला, ‘टाकून आलाय.’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे ऐकलेलं आहे.

(बाटली आणि ३० मिलीचं माप टेबलावर ठेवत)

आता हे बघा. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. आणि ही ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्के. हिच्यात ४१ ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार पेग! आणि घरी ओतताना माप कोण घेतं? ‘अंदाजे’ पेग हा कधीच ३० चा नसतो. गोव्यात उर्राक प्यायला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या. उर्राक म्हणजे काजूच्या रसाची दारू, फेणीपेक्षा हलकी, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ग्लासावर ग्लास जातात. तिचा मोसम भर उन्हाळ्यात. आणि उष्णतेत आपले स्नायू आणखी ढेपाळतात. पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून ती वर उचलली जाते का, हे डॉक्टर तपासतात ना? त्याचीच ही उलटी बाजू.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर, टॉनिक वॉटर. जिनमध्ये घालतात ते. त्याचा कडवटपणा क्विनाइनचा असतो, मलेरियाचं जुनं औषध. क्विनाइन नस आणि स्नायूच्या जोडावर घाला घालतं, आणि मायस्थेनियात ते टाळायच्याच औषधांच्या यादीत आहे. टॉनिकमध्ये प्रमाण कमी असतं, पण आपल्याला ती जोखीम घ्यायचं काय कारण? जिन नको म्हणणाऱ्याने नुसतं टॉनिकही पिऊ नये. लिंबू सोडा घ्या.

आता ज्याकडे कुणीच बघत नाही ते: जेवणाची वेळ. आपल्याकडच्या पार्टीचं वेळापत्रक ठरलेलं. आठला बसायचं, चकणा, गप्पा, आणि जेवण साडेअकराला. पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे स्नायूंना तात्पुरता जोर देणारी आपली नेहमीची गोळी, लागू व्हायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि असर तीन-चार तास टिकतो. तुम्ही नेहमीप्रमाणे साडेसातला गोळी घेतलीत, तर साडेअकराला मटणाची नळी समोर येते तेव्हा गोळी उतरलेली असते. जबडा थकलाय, गिळायला जड जातंय आणि वर दारूने ठसका लागण्याची प्रतिक्रिया मंदावलेली. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जायला एवढं पुरेसं आहे. मी पेगपेक्षा या घासाला जास्त घाबरतो. म्हणून पार्टीतही गोळीची वेळ डॉक्टरांनी जेवणाशी जशी जोडून दिलीय तशीच पाळायची. मोबाइलवर अलार्म लावा आणि ‘जेवायला बसा’ म्हणणारे पहिले तुम्ही व्हा. यजमान हसतील, हसू देत.

एक छोटी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी जळजळ होते म्हणून जे अँटासिड ढोसलं जातं, त्यातल्या अनेकांत मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम आपल्या स्नायूंचं वैरी. सलाइनमधून दिलेलं तर जास्तच. लेबल वाचा, नाहीतर आपल्या डॉक्टरांना एक पर्याय आधीच विचारून ठेवा.

लिव्हरबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे आपण स्वतःच स्वतःला फसवतो. आपल्यातले बरेच जण अ‍ॅझाथायोप्रिनवर असतात, काही जण मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर. ही औषधं लिव्हरवर ताण आणू शकतात, म्हणून दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘दारू घेता?’ शेजारी सासूबाई. तुम्ही म्हणता, ‘छे, नाही!’ पुढच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरवरचा ताण दाखवणारा आकडा) वाढलेलं. डॉक्टर काय समजणार? औषध सोसत नाहीये. डोस कमी करतात, नाहीतर औषध बंद. आणि ज्या औषधाचा गुण यायलाच सहा-आठ महिने, कधी वर्ष लागतं, ते दोन बाटल्या लपवण्यापायी हातातून जातं. बायकांचं तर आणखी अवघड. हा आजार तरुण मुलींना बराच होतो, आणि ‘मी कधीमधी वाईन घेते’ हे नवऱ्यासमोरही न बोलणाऱ्या कित्येक जणी आहेत. एकटं आत जायची मुभा मागा. किंवा डॉक्टरांना चिठ्ठी लिहून द्या, पण खरं सांगा. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर पोट, साखर, हाडं हे तीनही आधीच नाजूक झालेलं असतं, तेही त्यांना हिशोबात धरू द्या.

मग घ्यायची की नाही? लक्षणं आटोक्यात आहेत, बरेच दिवस औषधांत बदल नाही, गिळण्या-बोलण्याचा त्रास नाही आणि डॉक्टरांना माहीत आहे, अशा माणसाला एखादा पेग पोटभर जेवणासोबत चालेल असं कदाचित त्याचे डॉक्टर म्हणतील. पण गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, नुकतंच स्टेरॉइड सुरू झालं असेल (सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने लक्षणं वाढू शकतात), ताप असेल, झोपेची गोळी चालू असेल, तर शून्य. ‘मेथोट्रेक्सेट घेतो पण बिअरच आहे’ हेसुद्धा त्यातच.

आणि बसणारच असाल तर बसण्याआधी हे करा. बघा.

(खोल श्वास घेतो)

एक, दोन, तीन, चार, पाच... एका श्वासात, मोठ्याने, ठरलेल्या गतीने. तुमचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. रात्री कधी शंका आली तर पुन्हा मोजा. नेहमीपेक्षा बराच खाली आलात, त्यातही वीसच्या आत, किंवा पाणी नाकातून परत आलं, मान सावरेना, आडवं पडल्यावर दम लागला, तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत बसू नका. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणूनही नाही. तो आकडा अगदी शेवटी घसरतो.

सोबतच्यांपैकी न पिणाऱ्या एकाला हे सगळं आधी सांगून ठेवा, आणि १०८ लावायचं कामही त्याचंच. कॅज्युअल्टीत तोंडाला वास आला की तिथेही दारूच चढलीय असं वाटू शकतं. तेव्हा तुम्हाला बोलता येईलच असं नाही. म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा: मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, दम लागू शकतो, अमुक गोळ्या चालू आहेत, अमुक औषधं देऊ नका, माझ्या न्यूरॉलॉजिस्टचा नंबर हा. मराठीत एक बाजू, इंग्रजीत दुसरी. आणि ते कार्ड पाकिटात कुठल्या कप्प्यात आहे, हे त्या न पिणाऱ्या मित्राला दाखवून ठेवा.