दोघांचा एक कोयता

(दृश्य : पहाटेचा अंधार. धारूरच्या घाटात ट्रकचे दिवे.)

दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी. ट्रकात आधी चढतात बांबू, पाण्याचे ड्रम, बाजरीची पोती. मग शेळ्या. सगळ्यात शेवटी माणसं. दारात म्हातारी उरते आणि तिच्या पदराला धरून शाळेत जाणारं एखादं नातवंड. बाकीचं घर सहा महिन्यांसाठी ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या रस्त्याला लागतं.

मजुरांची टोळी जमवणारा मुकादम तिची मोजणी कोयत्यांत करतो. दहा कोयते म्हणजे नवरा-बायकोच्या दहा जोड्या. एकटाच गडी आला, तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, लाख, सव्वा लाख, पण वहीत नाव लागतं नवऱ्याचं आणि सहीही त्याचीच. हिशोबात बाई आहे. वहीत ती नाही.

बाईचं शरीर पुरुषाच्या शरीरापेक्षा वेगळं आहे. मग कायद्यानं आणि काम देणाऱ्यानं ते वेगळेपण लक्षात घ्यायचं की नाही? शहरात या प्रश्नावर वाद होतात ते ऑफिसातल्या बायकांना डोळ्यासमोर ठेवून. मला तो ऊसाच्या फडात उभं राहून विचारायचा होता. मी याच जिल्ह्यातली आहे. माझ्या बाळंतपणात मला सहा महिने भरपगारी रजा मिळाली. माझ्याबरोबर सातवीपर्यंत एकाच बाकावर बसलेली मैत्रीण त्या वर्षी फडात होती. तिचं बाळ फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जन्मलं आणि ते महिन्याचंही झालं नव्हतं, तेव्हा ती मोळ्या बांधायला परत उभी राहिली.

(दृश्य : फड. धुकं. कोयत्यांचा आवाज.)

पहाटेचे चार. तिचा दिवस याच्याही आधी सुरू झालाय. चूल, भाकरी, पाणी, लेकरू. मग फड. तो ऊस तोडतो. ती वाढं, म्हणजे ऊसाचे शेंडे छाटते, पाचट बाजूला सारते, मोळी बांधते, आणि गाडी लागली की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. कारखाने कायद्याच्या 34व्या कलमात बाईनं जास्तीत जास्त किती ओझं उचलावं ते वेगळं ठरवायची सोय 1948 पासून होती. पण तो कायदा कारखान्याच्या आतला. फडात वजनकाटा नाही. काटा असतो कारखान्यावर, आणि त्यावर वजन होतं ऊसाचं.

आता यात पाळी आली तर? फडाला संडास नाही, न्हाणी नाही. पाणी लागतं तिथे कोपी नसते आणि कोपी असते तिथे पाणी नसतं. ओला कपडा झाडामागे वाळवायचा, तोही कुणाच्या नजरेला पडणार नाही असा. दुखतंय म्हणून बाई एक दिवस पडून राहिली, तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड लागतो. कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त, आणि तो कापला जातो पूर्ण जोडीच्या हिशोबातून. कारण कोयता दोघांचा. ती पडली की तोही अडतो. त्यामुळे तिच्या दुखण्याचा जाब आधी घरातच विचारला जातो, मुकादमाला तोंड उघडावंच लागत नाही.

एका मावशींनी चुलीपुढे बसून मला सांगितलं, "पिशवी ठिवून करू काय, माय? दोन लेकरं झाली, आपरेशन झालं. मग दर महिन्याला खाडा कशाला?"

पिशवी म्हणजे गर्भाशय. या भागात हा शब्द कुणी आवाज खाली करून उच्चारत नाही. "पिशवी काढली" हे दात काढल्यासारखं सांगितलं जातं.

2019 मध्ये हे बाहेर आलं तेव्हा राज्यभर खळबळ झाली. बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढल्याचं त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याच्या काही वर्षं आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

कारण एकच नाही, हे मला नीट सांगायचंय. लग्न सोळा-सतराव्या वर्षी. विशी-बाविशीत दोन-तीन बाळंतपणं आणि नसबंदी. वर्षानुवर्षं अंगावरून पांढरं जाणं, जंतुसंसर्ग, त्यावर औषध नाही, आराम नाही. मग तालुक्याच्या गावी सोनोग्राफी, आणि "काढली नाही तर कॅन्सर होईल" ही भीती. ज्या दुखण्यावर गोळ्यांनी भागलं असतं, त्यावर सुरी चालली. ऑपरेशनचे पैसे पुष्कळदा मुकादमाच्या उचलीतले, म्हणजे ते फेडायला पुन्हा फडच. "आम्ही कुणाला पिशवी काढायला सांगत नाही," असं मुकादम म्हणतात. असेलही. पाळी आली की दंड भरावा लागणार असेल, तर कुणी वेगळं सांगायची गरज कुठे उरते? कामाचे नियम बदलले नाहीत, म्हणून बायकांनी स्वतःचं शरीर बदलून घेतलं.

आणि नंतर? पाळी थांबते, पण पुष्कळ जणींची कंबर धरते, अंगाची लाही होते, हाडं दुखतात. बीजांडकोशही काढले असतील, तर तिशीतल्या बाईच्या अंगात पन्नाशी येऊन बसते. आणि डोक्यावर तीच मोळी.

2019 नंतर जिल्हा प्रशासनानं एक चांगली गोष्ट केली. खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी सरकारी आरोग्य यंत्रणेची परवानगी घेणं बंधनकारक केलं. डॉक्टरच्या हाताला त्यानं थोडा लगाम लागला. खाडा मात्र तसाच राहिला.

(दृश्य : कारखान्याचं गेट. ट्रॅक्टरांची रांग.)

कायदा मुळात नव्हता असं नाही. 1928 साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये कायदा झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो इथे लागूच नव्हता. पण आज शंभर वर्षं होत आली तरी मला त्या भाषणातला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाईच्या शरीराचं वेगळेपण सगळ्यांना मान्य आहे. त्याची किंमत कुणी भरायची?

1961 मध्ये देशासाठी मातृत्व लाभ कायदा आला, 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा 26 आठवडे झाली. गर्भपात झाला तर सहा आठवडे. त्यासाठी बाईनं आधीच्या वर्षभरात किमान 80 दिवस काम केलेलं असलं पाहिजे. ऊसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. 80 दिवस तर संक्रांतीच्या आसपासच भरतात! मग अडतं कुठे? ती कुणाची कामगार, या एकाच प्रश्नापाशी. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी त्यांच्यातलाच, माझ्याही डोक्यावर कर्ज आहे. मालक कुणीच नाही, आणि साखर मात्र तयार होते.

8 मार्च 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांच्या बाजूनं निकाल दिला. त्या रस्त्याची कामं करत होत्या, चर खणत होत्या. तुम्ही कायम नाही म्हणून रजा नाही, हे महापालिकेचं म्हणणं न्यायालयानं मान्य केलं नाही. चर खणणारी आणि ऊस तोडणारी यांच्या अंगमेहनतीत काय फरक आहे? दिल्लीत मस्टर होतं आणि त्यावर बाईचं नाव होतं, एवढाच.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. मोठी लढाई होती ती, आणि कामगारांनी ती जिंकली. पण वाटाघाटी झाल्या टनांवर. पाळीचे दोन दिवस, बाळंतपण, फडावर पाणी आणि आडोसा यांना टनात बसवता येत नाही.

(दृश्य : जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग.)

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी अर्धंच बोलले असं होईल. बाईचं शरीर वेगळं आहे, हे वाक्य दार लावून घ्यायलाही वापरलं गेलंय. परभणी, सेलू, माजलगाव हा कापसाचा पट्टा. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 27व्या कलमानुसार कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारं यंत्र चालू असेल, तर तिथे बायका आणि मुलांना काम देता येत नव्हतं. बायका आणि मुलं एकाच ओळीत! यंत्र धोक्याचं होतं हे खरं, पण गड्याचा हात त्यात सापडला तर तोही तुटतोच. 66व्या कलमानं बाईला रात्रीच्या पाळीपासून दूर ठेवलं. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तिच्या संमतीनं आणि सुरक्षिततेची व्यवस्था करून रात्रपाळी खुली झाली. एअर इंडियात हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणात नोकरीवरून काढायचा नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये रद्द केला.

आणि हे शरीर कधी आठवायचं, कधी विसरायचं, हेसुद्धा सोयीनं ठरतं. मजुरी ठरवताना ते बरोबर आठवतं. "बाईमाणसाला गड्याएवढं काम होत नाही," म्हणून तिचा रोज कमी. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच आला, तरी आमच्याकडे दोन रोज चालतात. कापूस वेचायला बाईचाच हात लागतो, तिथे मात्र तिला जास्त रोज द्यावा असं कुणाच्या मनात येत नाही. आणि फडात पाळी आली की अचानक ती आणि तो सारखे!

पाळीच्या रजेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. रजा सक्तीची केली तर मालक बायकांना कामावरच ठेवणार नाहीत. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही भीती बोलून दाखवली आणि धोरण ठरवायचं सरकारवर सोपवलं. ऑफिसापुरती ही भीती मला समजते. फडात ती लागू पडत नाही. बाईशिवाय कोयता पुरा होत नाही, मग तिला टाळून टोळी उभी करणार कशी? बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. इथे खाडा माफ करायला तर नव्या पदाची गरज नाही, फाइलचीही नाही.

(दृश्य : सकाळ. मैदान. धावणाऱ्या मुली.)

बीडच्या मैदानावर रोज सकाळी पोलीस भरतीची तयारी चालते. यांतल्या कितीतरी मुली ऊसतोड करणाऱ्यांच्या. भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचंय, मुलींना 800. गोळा मुलांचा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. उंची 165 आणि 155 सेंटीमीटर. मुलांची कधीमधी कुरकुर ऐकू येते, "यांना सोपं." मी एका मुलीला ते विचारलं. ती दम खात म्हणाली, "ताई, लेखी पेपर तर एकच आहे ना. आन् ड्युटी लागली की बंदोबस्तात उभं राह्यचं तेवढंच तास."

शरीराचा फरक मोजायचा तिथे या मैदानानं मोजला, आणि पुढे पगार एकच ठेवला. अगदी बरोबर मोजला का, यावर वाद घालता येईल. काही मुली 1600 सुद्धा मुलांच्या पुढे धावतात, मी पाहिलंय. पण इथे तिच्या नावाचा स्वतंत्र क्रमांक आहे, छातीवर लावलेला. तिच्या आईला तो कधी मिळाला नाही.

(दृश्य : कोपीसमोर संध्याकाळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड.)

ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी होते, ओळखपत्र मिळतं. सगळ्यांना मिळालेलं नाही. या मावशींना मिळालंय. त्यांनी ते कपड्यांच्या बोचक्यातून काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. फोटो त्यांचाच. नाव त्यांचं.

"वाच बरं," त्या म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड परत घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे दावलं, तर खाडा माफ व्हतो का गं?"