बल्बमधला पिवळा ठिपका आणि लेझर

श्रोतेहो, नमस्कार. लेझरमधला स्फटिक आपण होऊन उजळत नाही, त्याला आधी बाहेरून प्रकाश पाजावा लागतो. तो कुठल्या दिव्याने पाजायचा, हा आजचा विषय.

१६ मे १९६०. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे, ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेझर चालवला. बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी, आणि तिच्याभोवती स्प्रिंगसारखी वळवलेली काचेची नळी. ही नळी म्हणजे फोटोग्राफीतला फ्लॅशचा दिवा, बाजारात मिळणारा! दिवा लख्खकन चमकला आणि माणकातून लाल झोत निघाला. सगळं यंत्र तळहातावर मावेल एवढं.

मग प्रसिद्धीसाठी छायाचित्रकार आला. त्याला हे यंत्र फारच चिमुकलं वाटलं. फोटोत उठून दिसावं म्हणून त्याने मेमन यांच्यापुढे दुसरा, चांगला मोठा दिवा आणि मोठी कांडी ठेवायला लावली. तोच फोटो वर्तमानपत्रांत झळकला. इतर प्रयोगशाळांनी फोटो पाहून तसाच मोठा दिवा आणला, आणि त्यांचाही लेझर चालला! खरा दिवा लहान होता, फोटोतला मोठा होता, आणि दोन्हींनी काम केलं.

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा सगळ्यात मोठा सांगाडा बक्षीस घेऊन जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कोपऱ्यातल्या छोट्या प्रयोगाजवळ परीक्षकांनी दोन मिनिटं जास्त थांबावं.

असो. आता एलईडी. ती स्वस्त आहे, वर्षानुवर्षं टिकते, पण तिचा प्रकाश चहूकडे पांगतो. स्फटिकाला हवा एकवटलेला प्रकाश. १९६०च्या दशकातच एलईडीने लेझर चालवून पाहिले होते, पण त्यासाठी सगळं कडाक्याचं थंड ठेवावं लागे. पुढे घरोघरच्या दिव्यांमुळे निळी एलईडी जोरकस आणि स्वस्त झाली. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीलाच मिळालं.

पॅरिसजवळ पालेझो इथल्या ऑप्टिक्स संस्थेतल्या संशोधकांनी मग एक पातळ, पिवळी स्फटिकाची पट्टी घेतली. तिच्या रुंद बाजूंना निळ्या एलईडींच्या रांगा लावल्या. पट्टी निळा प्रकाश पिते, पिवळा सोडते. तो पिवळा प्रकाश आतल्या आत आपटत आपटत चिंचोळ्या कडेतून बाहेर पडतो. पुन्हा सांगतो: शिरतो रुंद बाजूने, निघतो चिंचोळ्या कडेने, म्हणून एकवटतो. त्या कडेला लेझरचा स्फटिक टेकवला, की झोत सुटतो.

या पट्टीतला पदार्थ तुमच्या घरातही आहे. पांढऱ्या एलईडी बल्बचं झाकण निघालं असेल, तर तो होल्डरमधून काढून आत बघा. बारीक पिवळे ठिपके दिसतील. सीरियम हा धातू मिसळलेला यॅग नावाचा स्फटिक, तो बहुतेक हाच.