दोन पिस्तुलं आणि ओहायोचा वकील

नमस्कार मंडळी. आज अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा एक वकील, क्लेमंट व्हॅलँडिगम. नाव जरा जड आहे म्हणून परत सांगतो, व्हॅलँडिगम. जन्म १८२० चा, वडील पाद्री, आणि पोरगा पहिल्यापासून वाद घालणारा. कॉलेजात राज्यघटनेच्या एका मुद्द्यावरून थेट प्रिन्सिपलशी भांडला आणि डिग्री न घेताच बाहेर पडला. (आपल्याकडे लग्नपत्रिकेतसुद्धा डिग्री छापतात, हे मला कधीच कळलेलं नाही, पण ते असो.) १८४२ ला सनद, पंचविशीत राज्याच्या विधानसभेत, पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये.

मग यादवी युद्ध आलं, म्हणजे अमेरिकेतली उत्तरेकडची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं. हा म्हणायचा युद्ध थांबवा, दक्षिणेशी समझोता करा. गुलामगिरी संपावी असं काही त्याला वाटत नव्हतं, तेव्हा उगाच हुतात्मा करू नका त्याला. पण १८६३ च्या मे महिन्यात त्यानं भरसभेत लिंकनला राजा म्हणून हिणवलं आणि चार दिवसांनी रात्री सैनिकांनी घराचं दार फोडून त्याला उचललं. लष्करी कोर्टानं कैद सुनावली, लिंकननं ती बदलून सरळ दक्षिणेच्या हद्दीत हाकलून दिलं. तिथून बोटीनं कॅनडा, आणि कॅनडात बसून हा ओहायोच्या गव्हर्नरची निवडणूक लढला! पडला, जवळजवळ एक लाख मतांनी पडला, पण लढला.

हे सगळं मी भराभर सांगितलं, कारण मला पुढचं सांगायचंय.

१८७१. हा परत वकिली करतोय. आशील मॅकगेहन, त्याच्यावर खुनाचा आरोप. हॅमिल्टन गावच्या बारमध्ये ऐन ख्रिसमसच्या आदल्या दिवशी मारामारी झाली आणि त्यात मायर्स नावाचा माणूस गोळी लागून मेला. व्हॅलँडिगमचं म्हणणं असं की गोळी मॅकगेहननं घातलीच नाही, मायर्स गुडघ्यावरून उठता उठता खिशातलं पिस्तूल काढायला गेला आणि त्याचं त्यालाच उडलं. आता ज्युरीला हे पटवायचं कसं? तर जवळून गोळी झाडली की कापडावर बंदुकीच्या दारूचा डाग कसा पडतो ते बघायला हा बाकीच्या वकिलांबरोबर लेबनन गावाबाहेर गेला (खटला तिथे चालू होता), कापडावर गोळ्या झाडून आला. आला तेव्हा त्या पिस्तुलात तीन गोळ्या शिल्लक होत्या. तीन, लक्षात ठेवा. हॉटेलवर खटल्यातलं दुसरं पिस्तूल आलेलं होतं, ते रिकामं. यानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. एक भरलेलं, एक रिकामं, दोन्ही एकाच टेबलावर.

मंडळी, आपल्या घरी फिनेल सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणारी माणसं आहेत ना, त्यांना किती ओरडतो आपण! पण राज्यघटनेवर प्रिन्सिपलला ऐकवणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण?

संध्याकाळी खोलीत मंडळी जमली. हा म्हणाला बघा, मायर्सनं असं केलं असेल. टेबलावरून पिस्तूल उचललं, पँटच्या खिशात घातलं, बाहेर ओढायला लागला, ते कापडात अडकलं, आणि यानं घोडा ओढला. उचललं होतं भरलेलं! गोळी पोटात. डॉक्टरांनी शोधली, सापडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅलँडिगम गेला. पन्नाशीचा होता.

पण म्हणणं मात्र खरं ठरलं हो! खिशातून काढताना पिस्तूल उडतं आणि माणूस स्वतःच मरतो, हे त्यानं करूनच दाखवलं. लोक याला येडा म्हणून हसतात, मला नाही हसू येत. आशिलासाठी इतकं डोकं लावणारा वकील मिळायला नशीब लागतं, आजकाल तर तारीख पुढे ढकलण्यातच त्यांचं कौशल्य दिसतं.

आणि मॅकगेहन? सुटला. लगेच नाही, पण सुटला.

ते हॉटेल अजून चालू आहे, लेबनन गावात, गोल्डन लॅम्ब नावानं, १८०३ पासूनचं, आणि तिथे व्हॅलँडिगमच्या नावाची जेवायची एक खोलीच आहे. मला ते काही पटत नाही, माणूस पोटात गोळी लागून गेला आणि तिथेच तुम्ही गिऱ्हाईकाला जेवायला बसवता! पण धंदा आहे त्यांचा.