जुने टायर कुठे आहेत?

मंडळी, जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस काय बघतो? रंग बघतो, सीटा बघतो, एसी लावून बघतो, मीटरवरचे किलोमीटर बघतो. टायरपाशी आला की बुटाच्या टोकाने एक लाथ मारतो आणि पुढे सरकतो. माझं म्हणणं एवढंच, की तिथे खाली बसा. रंग पॉलिशने चमकवता येतो, मीटर मागे फिरवता येतो. टायर जसा घासला तसाच दिसतो, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून जुन्या गाडीला चार कोरे टायर दिसले की लोक खूश होतात, आणि मी विचारतो, जुने कुठे आहेत?

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. मग मोबाईलचा टॉर्च लावून वाकायचं. आता समजा गाडी 2019 ची, मीटरवर 18,000 किलोमीटर आणि चारही टायर 2022 चे. कंपनीतून आलेले टायर नीट वापरले तर सहसा 40,000 च्या आसपास जातात. हे एवढ्या लवकर का गेले? एक तर मीटरला हात लागलाय, नाहीतर खाली काहीतरी वाकलंय. मालक म्हणेल, हौस म्हणून बदलले. असेलही! पण डिकी उघडून स्टेपनी बघायला काय हरकत आहे? अदलाबदलीत जुन्यांपैकी एखादा तिथे गेलेला असतो.

हवेचं थोडक्यात सांगतो, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. मधला पट्टा गुळगुळीत म्हणजे हवा सतत जास्त. दोन्ही कडा गेल्या म्हणजे सतत कमी. कमी हवा जास्त वाईट, कारण बाजू दुमडत राहते, टायर तापतो आणि हायवेवर फुटतो. किती हवा भरायची तो आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरचा असतो. नागपूरच्या मे महिन्यात शंभर किलोमीटर पळवून आल्यावर काटा वर दिसणारच, म्हणून हवा सोडू नका.

खरी गंमत हाताला कळते. स्टेअरिंग पूर्ण वळवा, पुढचा टायर बाहेर डोकावेल. गाडी बंद करा, तारा-खिळे नाहीत ना बघा आणि तळहात नक्षीवर ठेवून आडवा फिरवा: बाहेरच्या कडेकडून आत, मग आतून बाहेर. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना करवतीसारखी धार लागली, तर चाकांची तोंडं पुढून एकमेकांकडे वळलेली आहेत. याला टो-इन म्हणतात. उलट लागलं तर चाकं फाकलेली आहेत. गाडी सरळ जाते, चाकाचं तोंड मात्र तिरकं, त्यामुळे रबर सतत आडवं घासलं जातं. दोन्ही चाकं सारखीच तिरकी असली तर गाडी कुठे ओढतही नाही, चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत टायर गेलेला असतो.

घाटात रोज जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मात्र वळणांनीच जातात. कोकणात टॅक्सी चालवलेल्या गाडीवर तेवढ्यावरून ठपका ठेवू नका. डावा आणि उजवा टायर सारखेच झिजले आहेत का, ते बघा. दोघांपैकी एकच गेला असेल तर प्रश्न विचारा.

मागचा टायर आतून जास्तच गेलेला दिसला तर मी सावध होतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड बीम असतो, तिथे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायची सोयच नसते. तो कोन बिघडला म्हणजे बीम तरी वाकलाय, नाहीतर चाक बसतं तो भाग तरी. पुढे फूटपाथला घासूनही टायर जातो, मागे एवढं व्हायला चांगलाच दणका बसावा लागतो.

नक्षीवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत, किंवा बॅलन्सिंग कित्येक वर्षांत झालेलं नाही. असा टायर वेगात घूं-घूं करतो आणि लोक बेरिंग बदलून बसतात. बेरिंगचा आवाज गाडी डावी-उजवी झुकवली की बदलतो, टायरचा रस्ता बदलला की बदलतो. डांबरी सोडून काँक्रीटवर घेऊन ऐका.

खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांना टेकली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. पावसाळ्यात मी त्याच्या बराच आधी बदलतो.

अलाइनमेंटला गेलात तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. लाल म्हणजे मर्यादेबाहेर, हिरवा म्हणजे बरोबर. टो लाल होता आणि हिरवा झाला, ठीक. पण कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव, आधीही लाल आणि नंतरही लाल असेल, तर पैसे देताना विचारा की कोणता पार्ट वाकलाय. बऱ्याच गाड्यांत कॅम्बर जुळवताच येत नाही. चाकाला धरून ठेवणारे भाग, म्हणजे लोअर आर्म, स्ट्रट किंवा बुश, बघावे लागतात. ते कळेपर्यंत नवे टायर विकत घेऊ नका, दुकानदाराने स्कीम सांगितली तरी.